टपाल कोण वाचून दाखवायचं?

नमस्कार मंडळी.

आपल्या मंडळात सातारा-सांगलीकडची माणसं बरीच आहेत. त्यांना अपशिंगे मिलिटरीची ओळख करून द्यायला नको. साताऱ्याजवळच्या त्या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. कोरेगाव तालुक्यातलं माझं गावही फौजेचंच.

पण त्या पिढीचा आवाज कुठं शिल्लक आहे? डिसेंबर १९१५ मध्ये इराकात कूत-अल-अमाराला वेढा पडला, तेव्हा आत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यात कितीतरी जण वाटेतच गेले. पुढं बसऱ्याला स्मारक झालं. त्यावर ब्रिटिशांची नावं कोरली, आपल्या साध्या शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा घातला. युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं हा भेदभाव २०२१ साली जाहीरपणे मान्य केला. त्याच युद्धात फ्रान्समधून भारतीय शिपायांनी घरी लिहिलेल्या पत्रांचंही तेच. सेन्सॉरनं इंग्रजीत उतरवून घेतलेले उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत वाचायला मिळतात. शिपायाची स्वतःची भाषा त्यात नाही.

दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीत जर्मनांशी लढत होत्या. त्याच वर्षांत आपल्याकडं क्रांतिसिंह नाना पाटलांचं इंग्रजांविरुद्धचं प्रतिसरकार चालू होतं. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ सरकारी पगाराची रेल्वे अडवून लुटली गेली. एका घरी फौजेतून मनीऑर्डर यायची आणि शेजारच्या घरातून भूमिगतांना भाकरी जायची, असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगायची. माहितीपट करणारे सहसा यातली एकच बाजू घेतात. मला ते खटकतं, कारण गाव एकच होतं.

ती माणसं आता जवळपास संपली. १९७१ ची अजून आहेत. डिसेंबर १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात जमालपूरला लढलेल्या १ मराठा पलटणीतले तेव्हाचे पोरसवदा जवान आज पंच्याहत्तरीच्या आसपास किंवा पुढं आहेत. आणि त्यांच्या बायका! त्यांच्याकडं तर कुणी कॅमेरा वळवतच नाही.

गावी गेलो की मी अशा घरांतलं बोलणं मोबाइलवर टिपून ठेवतो. "तेव्हा कसं वाटलं?" या प्रश्नाला "काय वाटायचं?" एवढंच उत्तर येतं. पण "टपाल कोण वाचून दाखवायचं?" असं विचारलं की माणूस बोलायला लागतं. एक आजी म्हणाल्या, "मास्तर वाचायचं. कुठं अडखळलं की मला समजायचं, कायतरी गाळतंय." मग जोंधळ्यातली भांगलण, पंचायतीसमोरचा रेडिओ, बातम्या लागल्या की हातातलं काम टाकून पळणाऱ्या बायका, सगळं आलं. कुठल्याही लष्करी इतिहासात हे सापडणार नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की आधी बोलणं टिपा, माहितीपट नंतर करा. वीस मिनिटांचा चांगला माहितीपट कित्येक तासांच्या बोलण्यातून निघतो, आणि बहुतेक वेळा उरलेलं बोलणं पुसलं जातं. ते पुसू नका. बोली सुधारू नका. "गेलतो", "म्हनलं" तसंच राहू द्या. मधली शांतताही कापू नका, तिच्यावर संगीत तर मुळीच घालू नका.

घरात पदक असेल तर त्याची कडा भिंगातून बघा. बहुतेक पदकांवर तिथं नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. युद्धात गेलेल्या माणसाचं नाव मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं; काही नोंदींत वडिलांचं आणि गावाचं नावसुद्धा असतं. फोटोतली माणसं कोण, ते आजच विचारून पेन्सिलीनं मागं लिहून ठेवा.

मे महिन्यात आपल्यातले बरेच जण जत्रेला गावी जातील. प्रत्येकानं एका घरी तरी बसावं. आलेलं बोलणं जपायची जबाबदारी मंडळानं घ्यावी, अशी माझी विनंती आहे. एक प्रत त्या घरी, एक गावच्या वाचनालयात आणि एक आपल्याकडं. आणि "हे बाहेर सांगू नका" असं कुणी म्हणालं, तर तेवढा भाग कुणालाही ऐकवायचा नाही.