दार उघडेपर्यंत

बेल वाजलीये. आतून "आले, आले!" ऐकू आलंय, पण दार अजून बंदच आहे. पाहुण्याच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात ओली छत्री. करण्यासारखं दुसरं काहीच नाही, म्हणून तो बघत राहतो. दाराकडे, भिंतीकडे, पायाखालच्या फरशीकडे.

घराच्या प्रवेशाची आखणी या उभ्या असलेल्या माणसापासून सुरू व्हायला हवी. होते मात्र कॅटलॉगमधल्या फोटोपासून!

त्याला काय लागतं? डोक्यावर थोडं छत. पिशवी टेकवायला कट्टा. आणि उजेड. बहुतेक घरांत दिवा दाराच्या बरोबर वर असतो. त्याखाली उभ्या माणसाच्या कपाळाची सावली डोळ्यांवर पडते, आणि आतून पीपहोलला डोळा लावणाऱ्याला ओळखीचा चेहराही परका वाटतो. तोच दिवा दाराच्या बाजूला, चेहऱ्याच्या उंचीवर लावा. दोन्ही बाजूंना लावला तर उत्तमच. २७०० केल्विनच्या (हे प्रकाशाच्या रंगाचं माप) आसपासचा पिवळसर प्रकाश इथे शोभतो.

आता दार. आधी रुंदी. दुकानात सांगतात ती फळीची, म्हणजे उघडणाऱ्या पल्ल्याची रुंदी. माणूस जातो तो मोकळ्या वाटेतून. दार काटकोनात उघडून फळीपासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजा. व्हीलचेअरला निदान ८१५ मिलिमीटर वाट लागते. ती मिळवायची तर फळी ९०० मिलिमीटरच्या आसपास हवी. ही व्हीलचेअर आज घरात नसेल. कपाट आणि फ्रिज मात्र याच दारातून यायचे असतात.

लाकूड घ्यायचं ठरलं, तर त्याचा स्वभाव ओळखून घ्यावं. ओल लागली की ते तंतूंच्या रेषांना आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. जुने सुतार म्हणूनच फळीच्या कडेची पट्ट्यांची चौकट घट्ट जोडत आणि मधलं पॅनेल खाचेत नुसतं बसवत, सरस न लावता. पॅनेल आतल्या आत फुगतं, आकसतं. दार अडत नाही.

आता नजर खाली, अगदी फरशीजवळ. दाराची ही खालची कड. उभ्या पट्ट्यांच्या रेषांची तोंडं इथे उघडी पडतात, आणि फरशी पुसतानाचं पाणी तिथूनच वर चढतं. समोरून पॉलिश आरशासारखं, आणि इथे? कोरं लाकूड. दार बिजागऱ्यांवर चढलं की ब्रश इथे पोचतच नाही, म्हणून वरची आणि खालची कड दार टांगण्याआधीच रंगवून घ्यायची. नक्षीवर खर्च करण्याआधी हे एक काम उभं राहून करून घ्या.

स्टील आणि फायबरग्लास असे फुगत नाहीत. ऊन-पाऊस थेट दारावर येत असेल, तर लाकडाचा हट्ट सोडलेला बरा. गडद रंगाचंही तेच: दुपारच्या उन्हात काळं दार चांगलंच तापतं.

कुलपाबद्दल थोडक्यात. धक्का मारून दार फोडतात, तेव्हा बऱ्याचदा कुलूप शाबूत राहतं आणि चौकट फाटते. कुलपाची जीभ जिथे शिरते ती पट्टी आखूड स्क्रूंवर असेल, तर महागडं कुलूप वाया गेलं. स्क्रू चौकट ओलांडून मागच्या भिंतीत रुतले पाहिजेत. जड फळीला बिजागऱ्या निदान तीन, कारण वरच्या बिजागरीवर सगळ्यात जास्त ओढ येते.

दार उघडलं. पाहुणा आत आला. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट इथे मुद्दाम छत खाली आणत, जागा आवळत. मग पुढची खोली एकदम मोठी वाटे. लहान प्रवेश असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं: भिंती पाडायची गरज नसते, पुढच्या खोलीतला उजेड दारातून दिसला तरी पुरतो.

बूट काढायला साधारण ४५ सेंटिमीटर उंचीचं बाक अशा चिंचोळ्या जागेतही मावतं. फक्त ते आणण्याआधी, दार उघडताना फळी कुठून कुठे फिरते ते जमिनीवर खडूने आखून घ्या, आणि बाक त्या रेषेबाहेर ठेवा.