जुडीत बांधलेली पुडी

नमस्कार मंडळी. मंडईला निघाला असाल तर पिशवी हातात असू द्या, माझं थोडं ऐका आणि मग जावा. आजचा विषय पालेभाजी आणि कॅन्सर.

पालेभाजी खाल्ली की कॅन्सर होतच नाही असं नाही बरं का. धोका कमी व्हायला हातभार लागतो. परत सांगतो, हातभार. पाल्यात चोथा असतो, तो मोठ्या आतड्याला मानवतो, शिवाय फोलेट नावाचं जीवनसत्त्व वगैरे मिळतं ते वेगळंच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की भाज्या आणि फळं मिळून दिवसाला ४०० ग्रॅम तरी पोटात जाऊ द्या. आणि आपल्याकडच्या लग्नात बघा, पनीर तीन तऱ्हेचं आणि पाला म्हणाल तर पुलावावरची कोथिंबीर! ही पद्धत ज्यानं काढली त्याला हुरड्याच्या दिवसात उपाशी बसवायला पाहिजे. असो.

तर माझी गोष्ट. दहाबारा वर्षं झाली, मला कुणीतरी मोबाईलवर मेसेज पाठवला की पालकाचा ज्यूस प्या, कॅन्सर जवळ येत नाही. झालं, रोज सकाळी मिक्सर सुरू, हिरवागार ग्लास नाक दाबून प्यायचा आणि मग चौकात जाऊन तंबाखूचा मावा. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला अक्कलकोटकडची आत्या आली होती, ती चार दिवस नुसती बघत होती. पाचव्या दिवशी मेथी निवडत बसली होती, पुढं पेपर पसरलेला, देठं एकीकडं, पानं एकीकडं. मला म्हणाली, "शर्ट दे की धुवायला." दिला. खिशातली माव्याची पुडी काढली, मेथीच्या उरलेल्या जुडीत खुपसली, वरनं सुतळी गच्च आवळली आणि माझ्या हातात दिली. "घे, दोन्ही संगटच खा. आत गेल्यावर त्यांचं ते बघून घेतील."

बायको हसून हसून खाली बसली. मला काय बोलावं सुचंना. मावा त्या दिवशी नाही सुटला, खोटं कशाला सांगू, पण चौकात गेलं की ती सुतळी आठवायची. वर्षभरात सुटला.

आपल्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून खेड्यापाड्यातल्या कॅन्सरची नोंद ठेवतात, देशातली ग्रामीण भागातली पहिली नोंदणी ती. आणि तिकडं फिनलंडमध्ये २९ हजार सिगारेटवाल्यांवर प्रयोग झाला, काहींना बीटा कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या, म्हणजे पाल्यात असतं तेच. १९९४ साली निकाल आला तर त्या गोळ्या खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर उलट जास्त निघाला! म्हणून पाला ताटात घ्या, गोळीत नको. ताटात घ्या. चुका, तांदुळजा, अंबाडी, करडई, जे स्वस्त मिळेल ते, आणि वर तेलाची फोडणी, शेंगाचं कूट घाला बिनधास्त, तेलाशिवाय ते कॅरोटीन नीट अंगी लागत नाही.

परवा येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आत्याच्या शेतात गेलो होतो. भज्जी झाली, आंबील झाली, आणि पान द्यायला तिनं कमरेची पिशवी सोडली तर आतनं तंबाखूच्या मिश्रीची डबी घरंगळत माझ्या पायाशी आली. मी काही बोललो नाही. बांधावरनं मेथीची जुडी आणि सुतळी तेवढी आणून तिच्यापुढं ठेवली.