केव्हिन, माल्कम आणि आयर्लंडचे मठाधिपती

नमस्कार मंडळी! २०११ चा वर्ल्ड कप आठवतोय? बेंगळुरूची ती मॅच, आयर्लंडच्या केव्हिन ओब्रायनने ५० बॉलमध्ये सेंच्युरी ठोकून इंग्लंडला पाणी पाजलं होतं, तेही केस गुलाबी रंगवून. आज त्याच्या बॅटिंगवर नाही, नावावर बोलायचंय.

केव्हिन हे मुळात इंग्लिश नाव नाहीच. आयरिशमध्ये ते होतं 'क्वीवीन', अर्थ साधारण 'सुंदर जन्मलेला', म्हणजे आपला सुजात म्हणा ना. सहाव्या शतकात डब्लिनच्या दक्षिणेला विकलोच्या डोंगरात, ग्लेनडालॉकला, या नावाच्या साधूने मठ काढला. त्याची गोष्ट सांगतात की हात पसरून प्रार्थना करत होता, तर एका पक्षिणीने तळहातावर घरटं करून अंडं घातलं आणि पिल्लू बाहेर पडेपर्यंत बाबाने हात हलवला नाही. खरं खोटं सोडा, गोष्ट गोड आहे.

दुसरा मोठा मठाधिपती कोलम किले, लॅटिनमध्ये कोलंबा. याने ५६३ साली समुद्र ओलांडून स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावर मठ बांधला. नावाचा अर्थ चर्चचं कबूतर, पण परंपरा म्हणते की आधीचं नाव होतं क्रिमथन, म्हणजे कोल्हा! कोल्ह्याचं कबूतर झालं, बघा. त्याच मठाचा नववा मठाधिपती अॅडॉमनान, त्याच्या नावाचा अर्थ छोटा आदम, याने शंभरेक वर्षांनी कोलंबाचं चरित्र लिहिलं आणि सुरुवातीलाच नावाची फोड केली, की हिब्रूत कबुतराला योना म्हणतात, सबब आमच्या गुरूंचं नाव योना प्रेषिताचंच. आपले कीर्तनकार नावातून अर्थ काढतात ना, डिट्टो तसंच.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. एवढ्या मोठ्या संताचं नाव पोराला थेट कसं ठेवायचं? मग पुढे 'माएल' लावायचं. माएल म्हणजे मुंडण केलेला, म्हणून सेवक, भक्त. तर कोलंबाचा भक्त तो माएल कोलुम, आणि त्याचंच पुढे झालं माल्कम! स्कॉटलंडचे चार राजे या नावाचे, आणि आपल्याला माहीत असलेला माल्कम मार्शल. म्हणजे सरळ रामदास, शिवदास या पंगतीतलं नाव.

आणि लाडाची रीत वेगळीच, नावाआधी 'मो' म्हणजे 'माझा' आणि शेवटी 'ओग' म्हणजे 'लहानगा'. आएध म्हणजे अग्नी, फर्न्सच्या मठाचा संस्थापक मूळचा आएधच, पण माझा माझा करत लोकांनी त्याचा माएधोग करून टाकला. ज्ञानदेवांचं आपण ज्ञानोबा केलं, तुकारामांचं तुकोबा, तसंच हे, फक्त त्यांनी 'माझा' हा शब्दच नावात शिवून टाकला. याच आएधला 'आन' हा धाकटेपणाचा प्रत्यय लागला की होतो एडन, छोटा अग्नी. पुढच्या वेळी एडन मार्करम ओपनिंगला उतरला की घरच्यांना सांगा, कोण आलाय ते.