शिक्का कापलेली पाने

कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत ऑगस्ट २०२५पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसते. वकिलांच्या कागदपत्रांची झेरॉक्स आता चहा थंड होण्याआधी हाती येते. गठ्ठा यंत्रावर ठेवला की पाने आपोआप आत ओढली जातात. ऑक्टोबर १९६९मध्ये लॉस एंजेलिसच्या एका जाहिरात संस्थेच्या कचेरीत अमेरिकी सरकारसाठी संशोधन करणाऱ्या रँड संस्थेतले विश्लेषक डॅनियल एल्सबर्ग ज्या यंत्रापुढे उभे होते, तिथे मात्र प्रत्येक पान हाताने काचेवर पालथे ठेवायचे, बटण दाबायचे आणि उचलून पुढचे ठेवायचे, असे काम होते. पाने सुमारे सात हजार होती.

अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारा यांनी १९६७मध्ये सुरू करवलेला, व्हिएतनाम धोरणाचा हा ४७ खंडांचा अंतर्गत अभ्यास होता; पुढे तो ‘पेंटागॉन पेपर्स’ म्हणून ओळखला गेला. त्यावर काम केलेले एल्सबर्ग स्वतः दोन वर्षे व्हिएतनाममध्ये राहून आले होते. युद्ध रेटत नेताना आत एक आणि जनतेपुढे दुसरेच बोलले जात होते, हे त्या पानांत सरकारच्याच शब्दांत लिहिलेले होते. गुपित शत्रूपासून राखलेले नव्हते, स्वतःच्या नागरिकांपासून राखलेले होते.

संध्याकाळी रँड संस्थेच्या तिजोरीतून खंड ब्रीफकेसमध्ये घालायचे, सहकारी अँथनी रूसो यांच्यासह रात्रभर प्रती काढायच्या आणि सकाळी मूळ खंड जागेवर ठेवायचे, असा क्रम चालला. एका संध्याकाळी १३ वर्षांचा मुलगा रॉबर्ट यंत्र चालवत होता आणि १० वर्षांची मेरी कात्रीने पानांवरचा ‘अतिगोपनीय’ हा शिक्का कापत होती. आपण तुरुंगात जाणार हे धरून चाललेल्या बापाला, हे काम शांत डोक्याने केलेले मुलांनी पाहावे, असे वाटत होते. मुलांना यात ओढावे का, याबद्दल हा मजकूर लिहिताना आमच्यातही एकमत झाले नाही.

१३ जून १९७१ रोजी न्यूयॉर्क टाइम्सने या पानांवरून पहिला वृत्तांत छापला. सरकारने प्रसिद्धी रोखण्यासाठी न्यायालय गाठले, परंतु ३० जूनला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूने निकाल दिला. एल्सबर्ग यांच्यावरच्या आरोपांची एकत्रित शिक्षा ११५ वर्षांपर्यंत जाऊ शकत होती. तो खटला ११ मे १९७३ रोजी रद्द झाला, पण त्यांचे कृत्य योग्य ठरले म्हणून नव्हे; त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यात व्हाइट हाउसच्या माणसांनी केलेली घरफोडी आणि सरकारचे इतर गैरप्रकार उघड झाले म्हणून.

या अमेरिकी निकालाचा दाखला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २०१९ रोजी राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीच्या प्रकरणात दिला, आणि वृत्तपत्रात छापून आलेली गोपनीय कागदपत्रे विचारात घेऊ नयेत हा केंद्र सरकारचा आक्षेप फेटाळला. अशी कागदपत्रे बाहेर आणणाऱ्याला मराठीत जागल्या म्हणू लागले आहेत. गावच्या जागल्याला रात्रीच्या राखणीबद्दल गाव धान्य देत असे. या नव्या जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४मध्ये मंजूर केला, पण तो अमलात आणणारी अधिसूचना निघालेली नाही. १९२३चा शासकीय गुपिते कायदा मात्र लागूच आहे.