नागपूरच्या उन्हातले मवाळ रंग

मे महिन्यात भर दुपारी महाल भागातल्या एखाद्या जुन्या वाड्याची भिंत पाहिली, तर तिचा रंग कोणता हे डोळ्यांना ठरवता येत नाही. उजेडाची बाजू पांढरीफटक पडलेली असते आणि सज्जाखालची सावली काळीकुट्ट झालेली असते. तीच भिंत सकाळी साडेसहाला फिकट पिवळी दिसते आणि चुन्याचे पोपडे निघाले आहेत तिथे निळसर झाक उमटते. मीडियम फॉरमॅटच्या, म्हणजे नेहमीच्या ३५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या आकाराच्या रंगीत फिल्मवर जुन्या काळची आठवण देणारे जे मवाळ रंग अनेकांना हवे असतात, त्यांची सुरुवात या दोन वेळांमधल्या फरकात आहे. फिल्मच्या डबीवर कोणते नाव छापलेले आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

अशा फिल्मसाठीचा एक कॅमेरा म्हणजे दोन भिंगांचा, ट्विन लेन्स रिफ्लेक्स पद्धतीचा कॅमेरा. तो पोटापाशी धरून वरून काचेत पाहायचे असते, आणि काचेतले चित्र सुलटे असले तरी त्याची डावी-उजवी बाजू बदललेली असते. त्यात बसणारा १२० क्रमांकाचा रोल कोडॅकने १९०१ मध्ये बाजारात आणला आणि तो आजही मिळतो. या कॅमेऱ्यात एका रोलवर १२ चौकोनी फोटो निघतात. प्रत्येक निगेटिव्ह साधारण ५६ मिलिमीटर लांब-रुंद, म्हणजे क्षेत्रफळाने ३५ मिलिमीटरच्या नेहमीच्या निगेटिव्हच्या साडेतीन पटींहून मोठे असते. आपल्याकडे हा आकार नवखा नाही. बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री हाच रोल घेत असे, आणि जुन्या अल्बमांतले कितीतरी चौकोनी कृष्णधवल फोटो त्यातूनच आलेले आहेत. मवाळ रंगांसाठी या आकाराचा उपयोग असा, की एका छटेतून दुसऱ्या छटेत होणारा संथ बदल तो फिल्मवर दिसणाऱ्या बारीक दाण्यांच्या गर्दीत हरवू देत नाही. लहान निगेटिव्हवर कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ आणि गडद भागांतला फरक, उतरवला की तोच बदल चटकन मळकट वाटू लागतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. साठ-सत्तरच्या दशकांतले रंगीत फोटो आज फिके आणि तांबूस दिसतात, पण स्टुडिओतून घरी आले तेव्हा ते तसे नव्हते. त्या काळच्या कागदांवरचा निळसर, ज्याला सायन म्हणतात तो रंग अंधारात ठेवलेल्या अल्बममध्येही हळूहळू उडत गेला आणि लाल झाक उरली. जुना म्हणून आपल्याला आवडणारा रंग हा बऱ्याच अंशी रसायनांच्या झिजेचा रंग आहे. तो मिळवण्यासाठी मुदत संपलेले रोल शोधणाऱ्यांना आम्ही परावृत्तच करू, कारण असा रोल कुठल्या कपाटात किती उन्हाळे पडून होता हे कोणी सांगू शकत नाही, आणि नागपूरचा एकेक उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा असतो.

ताज्या रोलवर मवाळपणा आणण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे उजेड थोडा जास्त देणे. कोडॅकची पोर्ट्रा ४०० ही फिल्म ४०० ऐवजी २०० संवेदनशीलतेची आहे असे समजून उजेडाचे मोजमाप घेतले, तर एक स्टॉप अधिक, म्हणजे दुप्पट प्रकाश मिळतो; सावल्यांमध्ये तपशील भरतो आणि उजळ भागांचे रंग हलके, दुधाळ होतात. रंगीत निगेटिव्ह जास्तीचा उजेड बऱ्यापैकी पचवते, कमी उजेड मात्र तिला फारसा सोसत नाही. दीक्षाभूमीच्या शुभ्र घुमटाकडे उजेड मोजणारा मीटर रोखला, की मीटर त्या पांढऱ्याला मध्यम करडे समजतो आणि फोटो अंधारा येतो. त्यामुळे मोजमाप सावलीच्या बाजूचे घ्यावे, किंवा मीटर विषयाजवळ धरून त्यावर पडणारा उजेड मोजावा.

रोल धुण्याची सी-४१ ही पद्धत १९७२ पासून रूढ आहे. तिच्यात डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारे रसायन, ३७.८ अंश सेल्सिअसवर ठेवून रोल त्यात सव्वातीन मिनिटे ठेवतात, आणि तापमानात पाव अंशाचीही ढिलाई चालत नाही. इतरत्र यासाठी पाणी तापवावे लागते; इथे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी आधी बर्फ घालून उतरवावे लागते! धुतलेली पट्टी नारिंगी दिसते, कारण रंगद्रव्यांतली अशुद्धता भरून काढण्यासाठी फिल्ममध्येच एक रंगीत मुखवटा योजलेला असतो. संत्र्यांच्या या शहरात संत्र्याचा फोटो काढला, तर निगेटिव्हमध्ये नारिंगी पडद्याआड संत्रेच तेवढे निळसर उमटते.

सर्वच विषयांना हा मवाळपणा मानवत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निघणारा भलामोठा पुतळा, पिवळी मारबत, फिक्या रंगात पाहणे म्हणजे तिची धारच काढून घेणे होय, कारण तिचा भडकपणा हाच तिचा विषय आहे. त्या दिवसांतले ढगाळ आभाळ मात्र या फिल्मसाठी वर्षातले सर्वांत सोयीचे. सावल्या विरघळतात, आणि त्या उजेडात फुटाळा तलावाचे पाणी, सेमिनरी हिल्सची झाडी किंवा रेल्वे स्थानकाच्या इमारतीचा वालुकाश्म काही न करताही शांत रंगांत उतरतो.

शेवटचा निर्णय स्कॅन करताना होतो, आणि तिथेच बहुतेकांचे श्रम वाया जातात. यंत्राच्या स्वयंचलित दुरुस्तीला प्रत्येक काळे पूर्ण काळे आणि प्रत्येक पांढरे पूर्ण पांढरे हवे असते, त्यामुळे पहाटेच्या भिंतीचे फोटो दुपारच्या उन्हातले असावेत असे होऊन परत येतात. म्हणून स्कॅन करणाऱ्याकडे रोल देतानाच ही दुरुस्ती बंद ठेवून सपाट, कमी कॉन्ट्रास्टचा स्कॅन द्यावा असे लिहून द्यावे, आणि काळ्याची पातळी घरी, मूळ भिंत पाहिलेल्या माणसाने ठरवावी.