इयर ट्वेल्व्ह हे विसाव्याचं वर्ष नाही

[दृश्य: इंग्लंडमधल्या एका शाळेचा हॉल. टेबलांवर आडनावांच्या क्रमाने लावलेले लिफाफे.]

जीसीएसईचा, म्हणजे इंग्लंडमधल्या दहावीसारख्या परीक्षेचा निकाल ऑगस्टच्या उत्तरार्धात, गुरुवारी सकाळी लागतो. सोळा वर्षांची मुलं लिफाफा उघडतात, ९ (सर्वोच्च) ते १ मधल्या आपल्या ग्रेड बघतात आणि त्यातली बरीचशी त्याच दिवशी सिक्स्थ फॉर्मला (इयर ट्वेल्व्ह आणि इयर थर्टीन, म्हणजे आपली अकरावी-बारावी) नाव नोंदवायला निघतात. प्रवेशाची ऑफर काही महिन्यांपूर्वीच आलेली असते, पण ती सशर्त. अट साधारण अशी: पाच विषयांत किमान ४, त्यात गणित आणि इंग्रजी हवंच. शिवाय जो विषय पुढे घ्यायचा, त्यात ६ किंवा ७. ए लेव्हल (सिक्स्थ फॉर्मचा दोन वर्षांचा विषयवार अभ्यासक्रम) गणिताला बरीच ठिकाणं ७ मागतात, फर्दर मॅथ्स या वाढीव गणिताला ८.

एखादी ग्रेड हुकली, तर ईमेल टाकून वाट बघत बसू नये. निकालाचा कागद घेऊन त्याच सकाळी सिक्स्थ फॉर्मच्या प्रमुखांना गाठावं. म्हणूनच दुसऱ्या ठिकाणची ऑफरही निकालापर्यंत सोडायची नसते. गणितात किंवा इंग्रजीत ४ मिळाले नसतील, तर तो विषय पुढेही सुरू ठेवावा लागतो. पूर्णवेळ शिकणाऱ्या आणि ३ मिळालेल्या विद्यार्थ्याला जीसीएसईलाच पुन्हा बसावं लागतं.

इंग्लंडमध्ये अठराव्या वर्षापर्यंत शिक्षण किंवा प्रशिक्षण सक्तीचं आहे. ते सिक्स्थ फॉर्ममध्येच घ्यायला हवं असं नाही. अप्रेंटिसशिप आहे, २०२० मध्ये सुरू झालेली, व्यवसायाभिमुख टी लेव्हल आहे. एक टी लेव्हल तीन ए लेव्हलच्या तोडीची, आणि त्यात उद्योगात किमान ३१५ तासांचं काम. मराठी घरांत मात्र चर्चा बहुधा ए लेव्हलचीच होते, तेव्हा तिकडेच वळू.

[दृश्य: दोन वेळापत्रकं शेजारी शेजारी. एक गच्च भरलेलं, दुसऱ्यात बऱ्याच रिकाम्या चौकटी.]

नऊ-दहा विषयांवरून मूल एकदम तीन विषयांवर येतं. फर्दर मॅथ्स असेल तर चार. दर विषयाचे आठवड्याला साधारण चार ते पाच तास वर्गात. म्हणजे शिकवण्याचे तास पंधराच्या आसपास, बाकी मोकळे. पण ते मोकळे तास अभ्यासक्रमाचाच भाग असतात. वर्गात जितका वेळ, तितकाच स्वतःच्या अभ्यासाला द्यावा, अशी शिक्षकांची अपेक्षा असते. ती कुणी रोज बजावत नाही. मग तास कॉमन रूममध्ये संपतात, आणि ऑक्टोबरच्या सुट्टीपर्यंत रसायनशास्त्रातलं मोलचं गणित तीन आठवडे मागे पडलेलं असतं.

जीसीएसईला ७ मिळवलेली मुलंही पहिल्या चाचणीत अडखळतात. ही चाचणी सप्टेंबरमध्येच होते आणि बहुधा उन्हाळ्यात दिलेल्या तयारीच्या कामावर असते. गणितात पाय घसरतो तो बीजगणितात: घातांक, करणी, अपूर्णांकांची सरळरूपं. कॅल्क्युलस नवीन असतं म्हणून ते शिकवलं तरी जातं. हे सगळं मात्र येतंच, असं गृहीत धरलेलं असतं. भौतिकशास्त्रात किमान ४० टक्के गुण गणिती कौशल्यावर आहेत, रसायनशास्त्रात २०, जीवशास्त्रात १०. गणित न घेता भौतिकशास्त्र घेणाऱ्यांनी हा आकडा आधी वाचावा.

विषय बदलायची मुभा साधारण सप्टेंबरअखेरपर्यंत असते. त्यानंतर मागचा भाग भरून काढणं अवघड, आणि वर्गातही जागा नसते. म्हणून पदवीकडून मागे मोजत यावं. मेडिसिनला रसायनशास्त्र जवळपास सगळीकडे लागतं, जीवशास्त्र बऱ्याच ठिकाणी. इंजिनिअरिंगला गणित हवंच, भौतिकशास्त्र बहुतेक ठिकाणी. अर्थशास्त्राचं उलटच आहे. त्या पदवीला ए लेव्हलचं अर्थशास्त्र सहसा सक्तीचं नसतं, पण नावाजलेली विद्यापीठं गणित मागतात. भाषांमध्ये गुजराती, पंजाबी, बंगाली आणि उर्दूची ए लेव्हल आहे, मराठीची नाही.

फाइल लावायची पद्धत पहिल्याच आठवड्यात ठरवावी. परीक्षा मंडळाच्या संकेतस्थळावर प्रत्येक विषयाचं स्पेसिफिकेशन (सविस्तर अभ्यासक्रम) फुकट मिळतं. ते छापून त्यातल्या घटकांप्रमाणे फाइलचे भाग पाडायचे आणि दर आठवड्याच्या नोट्स त्यात लावायच्या. जुन्या प्रश्नपत्रिकांबरोबर परीक्षकांचे अहवालही तिथेच असतात. गुण नेमके कुठे गेले ते त्यात लिहिलेलं असतं, तरी मुलं ते क्वचितच उघडतात.

[दृश्य: जून महिना. परीक्षेची रांग, हातात पारदर्शक पाउच.]

आता महाराष्ट्रात वाढलेल्या पालकांची सवय. आपल्याकडे अकरावी हे जरा सैल सोडायचं वर्ष. खरी धावपळ बारावीला. कागदावर इंग्लंडमध्येही तसंच दिसतं. २०१५ पासून टप्प्याटप्प्याने ए लेव्हलचा सगळा भार इयर थर्टीनच्या मे-जूनमधल्या परीक्षांवर आला, इयर ट्वेल्व्हचे गुण त्यात धरले जात नाहीत. पण विद्यापीठाचा अर्ज जातो तो इयर थर्टीनच्या सुरुवातीलाच. ऑक्सफर्ड, केंब्रिज, आणि जवळपास सगळ्या मेडिसिन व डेंटिस्ट्री अभ्यासक्रमांची मुदत १५ ऑक्टोबर. त्या अर्जात शाळा ‘प्रेडिक्टेड ग्रेड’, म्हणजे अपेक्षित ग्रेड लिहिते, आणि ती मुख्यतः इयर ट्वेल्व्हच्या शेवटच्या अंतर्गत परीक्षेवर ठरते. त्या जूनमध्ये बी आला, तर ए मागणाऱ्या विद्यापीठाची ऑफर मिळणं कठीण होतं. पुढच्या वर्षी ए-स्टार (सर्वोच्च ग्रेड) मिळवायची कुवत असली तरीही.

मेडिसिनची यूकॅट ही प्रवेशपरीक्षाही याच दोन वर्षांमधल्या उन्हाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. भारतात आजी-आजोबांकडे जायचं तिकीट काढण्याआधी ही तारीख बघितलेली बरी.

पैशांचंही थोडं. मूल सोळाचं झालं की येणाऱ्या ३१ ऑगस्टला चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) थांबतं. शिक्षण सुरू आहे हे एचएमआरसीला, म्हणजे कर खात्याला कळवलं, तरच ते पुढे चालू राहतं. लंडनमध्ये झिप ऑयस्टर कार्डावर सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना बस फुकट असते. इतरत्र प्रवासाचे नियम कौन्सिलगणिक बदलतात.

वर्क व्हिसावर आलेल्या कुटुंबांसाठी सर्वांत मोठा खर्च पुढेच आहे. सरकारी सिक्स्थ फॉर्ममध्ये डिपेंडंट व्हिसावरचं मूल फी न भरता शिकतं, त्यामुळे विद्यापीठातही तसंच चालेल असा समज होतो. तिथे नियम वेगळे. होम फी (स्थानिक विद्यार्थ्यांची कमी फी) आणि विद्यार्थी कर्ज यांसाठी, काही अपवाद सोडले, तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या दिवशी कायम वास्तव्याचा परवाना आणि त्याआधीची तीन वर्षं इथलं वास्तव्य लागतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या पदवीला तो पहिला दिवस १ सप्टेंबर धरतात. परवान्याची तारीख त्याच्या जवळपास येत असेल, तर इयर ट्वेल्व्हमध्येच हिशोब मांडावा, आणि ऑफर स्वीकारण्याआधी विद्यापीठाच्या फी विभागाकडून लेखी उत्तर घ्यावं.