साहेबाला दुसऱ्यांदा टोकताना

श्रोतेहो, नमस्कार.

साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. नोकरीला लागलेल्या पोराला घरातली वडीलधारी माणसं पहिला सल्ला देतात तो हाच. मला हा सल्ला धोक्याचा वाटतो. का, ते सांगण्यासाठी मी तुम्हाला एका विमान अपघाताकडे नेणार आहे.

२७ मार्च १९७७. अटलांटिक महासागरातलं स्पेनचं टेनेरिफ बेट. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटला, म्हणून तिकडची विमानं इथल्या लहानशा लॉस रोदेओस विमानतळावर वळवली होती. दुपारी दाट धुकं उतरलं. धावपट्टीच्या एका टोकाला केएलएम या डच कंपनीचं जंबो जेट निघण्याच्या तयारीत उभं होतं, आणि त्याच धावपट्टीवरून पॅन अ‍ॅम या अमेरिकी कंपनीचं दुसरं जंबो पुढे येत होतं. धुक्यामुळे एकाला दुसरं दिसत नव्हतं.

डच विमानाचे कॅप्टन फान झांटेन म्हणजे कंपनीतलं बडं प्रस्थ. जंबो चालवायचं प्रशिक्षण देणाऱ्यांचे प्रमुख. कंपनीच्या जाहिरातीतही त्यांचाच चेहरा. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची जंबोची परीक्षा दोनेक महिन्यांपूर्वी त्यांनीच घेतलेली. ड्यूटीचे तास संपत आले होते, त्यामुळे निघायची घाई होती. कॅप्टननी इंजिनांचा जोर वाढवला तेव्हा सहवैमानिक म्हणाला, थांबा, अजून परवानगी मिळालेली नाही. ठाऊक आहे मला, तू विचार, असं उत्तर आलं. मग नियंत्रण कक्षाने उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला. उड्डाण करा, असं कुणीही म्हणालं नव्हतं. सहवैमानिक तो मार्ग परत म्हणून दाखवत असतानाच कॅप्टननी उड्डाणासाठी विमान पळवायला सुरुवात केली.

या वेळी सहवैमानिकाने त्यांना अडवलं नाही. एकदा टोकून झालं होतं. ज्याने आपल्याला पास केलं त्याला लगोलग दुसऱ्यांदा टोकणं किती जड जात असेल, याची कल्पना नोकरी केलेल्या प्रत्येकाला येईल. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने रेडिओवरचं बोलणं ऐकून विचारलं, ते दुसरं विमान अजून हटलं नाही का? कॅप्टन ठासून म्हणाले, हटलंय. इंजिनिअर गप्प बसला. काही सेकंदांत दोन्ही विमानांची टक्कर झाली आणि ५८३ माणसं गेली.

धुकं होतं, रेडिओवर दोन संदेश एकाच वेळी येऊन त्यांचा आवाज चिरफाळला होता, हेही खरं. आणि फान झांटेन काही दुष्ट नव्हते, आपल्या कामात वाकबगार होते. मला तेच महत्त्वाचं वाटतं. वाईट साहेब म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आरडाओरडा करणारा, रजा नाकारणारा माणूस येतो. पण ज्याच्यासमोर हाताखालच्या माणसाची जीभ अडखळते, तो कितीही हुशार असला तरी त्या घडीला वाईटच साहेब असतो.

पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत पोर्टलंडजवळ आणखी एक विमान पडलं. चाकं नीट उतरली आहेत की नाहीत, यात कॅप्टनचा जीव अडकला होता. इंधन संपत चाललंय, हे सोबतच्या लोकांना दिसत होतं, पण ते पुरेसं ठासून कुणी म्हटलं नाही. दहा माणसं गेली. त्यानंतर १९७९ मध्ये नासाने या प्रश्नावर बैठक घेतली, आणि १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने नवं प्रशिक्षण सुरू केलं. कॅप्टनने ऐकायचं कसं आणि कनिष्ठाने बोलायचं कसं, हे त्यात शिकवतात. आज जगभरचे वैमानिक ते शिकतात. एका धंद्याने आपल्या वाईट साहेबांकडून धडा घेतला आणि तो नियमात बसवला. आपण मात्र आपल्या वाईट साहेबांच्या फक्त गोष्टी सांगतो, चहाच्या टपरीवर.

आता विमानातून कारखान्यात येऊ. मी मशीन शॉपमध्ये नोकरी केली. बिघडलेला जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला सुटा भाग, टाकायला प्रत्येक मशीनजवळ लाल रंगाची पेटी असते. शिफ्ट संपली की ती मोजतात, म्हणजे चूक कुठे होते आहे ते कळतं. आमच्या एका साहेबांच्या काळात ही पेटी रोज जवळजवळ रिकामी असायची. साहेब ती वरिष्ठांना अभिमानाने दाखवत. खरी गोष्ट अशी, की साहेब सकाळच्या मीटिंगला सगळ्यांदेखत विचारत, कोणी केलं? आणि ज्याने केलं त्याची बिनपाण्याने होई. मग माणसं बिघडलेले जॉब लोखंडाच्या किसाखाली दडपून भंगारात घालवत. धातू कापायचं टूल झिजलंय, हे कळायला पंधरा दिवस लागत. तोपर्यंत गिऱ्हाईकाकडून माल परत आलेला असे.

हे साहेब गेले आणि दुसरे आले. पहिल्या आठवड्यात लाल पेटी भरून वाहिली. नव्या साहेबांनी ती उपडी केली, एकेक जॉब हातात घेतला आणि ऑपरेटरला विचारलं, हे कसं झालं असेल, तुम्हाला काय वाटतं? बस्स, एवढंच. मला वाटतं, ज्याला पुढारी व्हायचंय त्याने स्वतःच्या हाताखालची पेटी रिकामी दिसली की आधी काळजी करावी.

पण श्रोतेहो, वाईट साहेब पाहिला म्हणजे माणूस आपोआप चांगला साहेब होतो, असं मुळीच नाही. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, हे आपण ऐकत आलो. सुनेचे चार दिवस आले की ती पुष्कळदा तीच सासू होते. त्या पहिल्या साहेबांच्या बोलण्याने रडकुंडीला आलेला एक सुपरवायझर पुढे बढती मिळाल्यावर त्याच सुरात, कोणी केलं, असं विचारताना मी ऐकलाय. त्याने दुसरी रीत पाहिलीच नव्हती. शिवाय दटावणीने महिन्याअखेरचा आकडा गाठता येतो, हेही त्याने पाहिलं होतं. मोह तिथेच असतो.

म्हणून तरुण मंडळींना माझं सांगणं आहे, साहेब ओरडला त्या दिवशी घरी जाऊन एका वहीत लिहा. तो काय बोलला ते सोडा. त्याच्या ओरडण्यानंतर कोण गप्प बसलं आणि कुठली गोष्ट दडवली गेली, तेवढं लिहा. त्याचे गुणही लिहा. आमच्या त्या साहेबांना मशीनचा आवाज ऐकून बेअरिंग गेल्याचं कळायचं. ते मी त्यांच्याकडूनच शिकलो आणि त्याबद्दल मला आजही त्यांचा आदर आहे.

शिकायला मिळतंय म्हणून अपमान किंवा छळ सोसत मात्र राहू नका. कामाच्या जागी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे तक्रारीसाठी अंतर्गत समिती नेमणं मालकावर बंधनकारक आहे. तशी तक्रार असेल तर तिच्याकडे जा.

आणि जे आज साहेबाच्या खुर्चीत आहेत त्यांना एक विनंती. मीटिंगमध्ये आपलं मत शेवटी सांगा, सगळ्यांत नवख्याला आधी बोलू द्या. त्याने शंका काढली आणि तुम्ही ती उडवून लावलीत, तरी त्याने तीच शंका पुन्हा काढली, तर काम थांबवा, स्वतः जाऊन बघा आणि मगच त्याला उत्तर द्या. त्याची शंका चुकीची निघाली तरी चारचौघांत त्याचे आभार माना, म्हणजे पुढच्या वेळीही तो बोलेल.

नमस्कार.